गोळी प्रेक्षकांतून, झडती फडाची

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी पुतणी पुण्याला कॉलेजात शिकते. सुट्टीला यवतला आली की तिच्या पिशवीत एखादी इंग्रजी रहस्यकथा असतेच. मागच्या खेपेला तिच्या हातात होती ती पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली. गावोगाव फिरणारी एक नाटक मंडळी, एका सराईत तिचा मुक्काम, सकाळी मुख्य नट मरून पडलेला आणि मंडळीतला प्रत्येक जण संशयित. रात्री जेवणं झाल्यावर तिने मला विचारलं, "चाचा, तुम्ही तर तमाशाचे एवढे वेडे. असा खून आपल्याकडच्या एखाद्या कंपनीत, एखाद्या फडात कधी झालाय का हो?"

प्रश्न साधा होता, पण झोप उडवून गेला. मी कविता करणारा माणूस, गुप्तहेर नव्हे. तरी दोन-तीन महिने त्याच नादात वाचत राहिलो. जे हाताला लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी एक गोष्ट बघा. रहस्यकथा लिहिणाऱ्याला फिरती नाटक मंडळीच का आवडते? कारण त्याला लागणारा सगळा माल तिथे आयता मिळतो. माणसं मोजकी, दहा-पंधरा. एकाच गाडीतून फिरणारी, एकाच चुलीवर जेवणारी. त्यांच्यात भूमिकेवरून हेवेदावे, पैशावरून कुरबुरी. पेटीत दाढ्या-मिशा, टोप, राजाचा अंगरखा आणि भिकाऱ्याच्या चिंध्या. कट्यारी खोट्या, पण खोट्याच्या जागी खरी ठेवायला कितीसा वेळ? शिवाय ज्या गावात खून होतो, तिथे या माणसांना ओळखणारं कुणी नाही. उद्या सकाळी ती निघून जाणार. म्हणजे गावाच्या नजरेत ती आधीच अर्धी गुन्हेगार. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला फिरून तिथेच यायचं आहे.

इंग्लंडात तर हे 'अर्धं गुन्हेगार' असणं कायद्यातच लिहिलेलं होतं. १५७२ साली तिथे भटक्यांचा बंदोबस्त करणारा कायदा झाला. ज्या नटाला कुणा मोठ्या सरदाराचा आश्रय नाही, तो भटका लफंगा समजावा, त्याला फटके मारावेत आणि तापल्या सळईने त्याचा कान भोसकावा, असं त्या कायद्यात होतं. त्यामुळे प्रत्येक मंडळी कुणा उमरावाचं नाव लावून फिरायची. नाव गेलं की कान गेला. १५८३ साली खुद्द राणीच्या नावाने एक मंडळी उभी राहिली. ठिकठिकाणचे निवडक बारा नट त्यात घेतले. त्यांना राणीचा पोशाख मिळाला. अशा मंडळीला कोण अडवणार?

आणि खून झाला तो याच मंडळीत. कादंबरीत नाही, खरोखर.

१३ जून १५८७. ऑक्सफर्ड परगण्यातलं थेम नावाचं बाजाराचं गाव. रात्री नऊ ते दहाच्या सुमारास मंडळीतले दोन नट एकमेकांना भिडले. एक विल्यम नेल, राजाच्या भूमिका गाजवणारा मोठा नट. दुसरा जॉन टाउन. नेल तलवार उपसून टाउनवर धावून गेला. टाउन मागे हटत हटत एका उंचवट्यावर गेला, तिथून पुढे जायला वाट उरली नाही, आणि त्याने आपली तलवार चालवली. ती नेलच्या मानेत घुसली. अर्ध्या तासात नेल संपला.

आता कल्पना करा. परक्या गावात, रात्रीच्या वेळी, फिरस्त्या नटांच्यात मुडदा पडलाय. गाव काय करील? पण थेममध्ये रीतसर चौकशी झाली. अपमृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, ज्याला तिकडे कॉरोनर म्हणतात, त्याने पंच बसवले आणि काय घडलं ते कागदावर उतरवलं. टाउनने जीव वाचवण्यासाठी वार केला, असा निर्णय झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राणीने त्याला माफी दिली. भांडण कशावरून पेटलं ते मात्र त्या कागदात नाही. दारूवरून, पैशावरून की भूमिकेवरून, हे रहस्य दोघांबरोबर गेलं. कादंबरीकारांना नेमकी हीच फट सापडते.

या मरणाच्या पुढची हकिकत मला जास्त चटका लावते. नेलची बायको रिबेका तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी तिने जॉन हेमिंजेस नावाच्या माणसाशी लग्न केलं. तोही पुढे नट झाला, शेक्सपिअरच्या मंडळीतला त्याचा जिवाभावाचा सोबती. शेक्सपिअर वारल्यावर १६२३ साली त्याची छत्तीस नाटकं एकत्र छापली, ती याच हेमिंजेसने आणि त्याचा मित्र कॉन्डेल याने. त्यातली निम्मी नाटकं तोवर छापलेलीच नव्हती. 'मॅकबेथ' त्यातलंच, 'ज्युलिअस सीझर'ही त्यातलंच. नेल मेला त्याच साली राणीची मंडळी शेक्सपिअरच्या गावात, स्ट्रॅटफर्डलाही खेळ करून गेली होती. नेलच्या रिकाम्या जागेवर तरुण शेक्सपिअर मंडळीत शिरला असावा, असा तर्क काही अभ्यासक करतात. पुरावा नाही. पण तर्क मोठा गोड आहे.

त्या काळातल्या नाट्यव्यवसायात असे मृत्यू आणखीही झाले. नाटककार बेन जॉन्सनने १५९८ साली गॅब्रिएल स्पेन्सर या नटाला द्वंद्वात मारलं. फाशीच व्हायची. पण लॅटिन वाचता येणाऱ्याला एकदा सवलत मिळे. जॉन्सनने वाचून दाखवलं आणि अंगठ्यावर डाग घेऊन तो सुटला. अक्षर येत होतं म्हणून मान वाचली. दुसरा ख्रिस्तोफर मार्लो, शेक्सपिअरच्या बरोबरीचा नाटककार. ३० मे १५९३ रोजी लंडनजवळच्या डेटफर्डला एका घरात भोसकला गेला. त्याच्या मरणाबद्दल तीनशे वर्षं नाना कंड्या पिकल्या. अखेर १९२५ साली लेस्ली हॉटसन या अभ्यासकाने दफ्तरातून कॉरोनरचा अहवाल शोधून छापला. मारणाऱ्याचं नाव इन्ग्रॅम फ्रायझर, भांडणाचं कारण जेवणाखाणाचं बिल, असं त्यात निघालं. ते कारण खरं की वरवरचं, यावर अजून वाद चालतात. पण निदान वाद घालायला एक कागद आहे.

इथवर वाचल्यावर मी पुतणीला म्हटलं, तुझ्या कादंबरीची मुळं सापडली. आता आपल्याकडे येऊ.

मराठी नाटकाचा जन्मच फिरतीचा. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं, ते राजाच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव पटवर्धन वारले, आश्रय गेला, आणि मंडळी गावोगाव निघाली. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. कंपनीचं बिऱ्हाड म्हणजे चालतं गावच. आचारी, पाणक्ये, तबलजी, पडदे रंगवणारे, कपड्यांच्या पेट्या, बायकांची कामं करणारी कोवळी पोरं. या किर्लोस्कर मंडळींच्या खेळाच्या रात्री खून झाला. सगळ्या देशात गाजलेला.

तारीख २१ डिसेंबर १९०९, वार मंगळवार. गाव नाशिक. विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींचा 'शारदा'चा प्रयोग. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ सालचं. पैशासाठी कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेल्या बापाची ती गोष्ट. कंपनीत तेव्हा नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, ऐन उमेदीत होते. त्या दिवशीचा खेळ होता नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना निरोप देण्यासाठी. त्यांची मुंबईला बदली झाली होती.

हा जॅक्सन माणूस चमत्कारिक होता. संस्कृतचा जाणकार, लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत. गावोगावच्या शाळामास्तरांकडून त्याने लोकांच्या चालीरीती, नवससायास, भुताखेतांच्या समजुती लिहून मागवल्या होत्या. त्या टिपणांतून पुढे १९१४ आणि १९१५ साली गुजरात व कोकणच्या लोककथा-लोकरूढींचे ग्रंथ निघाले, ते पाहायला तो नव्हता. आणि याच जॅक्सनने बाबाराव सावरकरांना खटल्यासाठी वरच्या कोर्टाकडे धाडलं होतं. देशभक्तीची गाणी छापल्याबद्दल बाबारावांना १९०९ च्या जूनमध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. नाशिकच्या तरुणांच्या मनात ती आग होती.

प्रेक्षकांत अनंत लक्ष्मण कान्हेरे बसलेला होता. वय अठराच्या आसपास. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला शिकणारा विद्यार्थी. खिशात ब्राउनिंग पिस्तूल. अशी वीस पिस्तुलं लंडनहून विनायकराव सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीत लपवून धाडली होती. अनंताचा नेम चुकला तर आपण, या तयारीने कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे हेही हजर होते. जॅक्सन आत आला, आपल्या जागेकडे निघाला, आणि कान्हेरेने गोळ्या झाडल्या. जॅक्सन तिथेच कोसळला. कान्हेरेला जागच्या जागी पकडलं. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी झाली. विनायकराव सावरकरांना लंडनला अटक होऊन इकडे आणलं आणि वर्षअखेर जन्मठेप सुनावली.

म्हणजे बघा, इथे 'कोणी मारलं' हे रहस्य एक मिनिटही टिकलं नाही. शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत घडलं. मारणाऱ्याने हात झटकले नाहीत. रहस्यकथेच्या हिशेबाने ही कथाच नव्हे. पण मी त्या नाट्यगृहाचा विचार करायला लागलो की माझी नजर प्रेक्षागृहाकडे नाही, पडद्यामागे जाते. तिथे रंग लावून बसलेली माणसं होती. कुणी लुगडं नेसून, कुणी पांढरी मिशी चिकटवून. नांदीची वेळ झालेली. आणि बाहेर पिस्तुलाचा आवाज. त्यांना आधी वाटलं असेल, कुणी फटाका उडवला. मग आरडाओरडा. त्या रात्री त्यांनी रंग कधी पुसला, त्या पेट्या कधी भरल्या, याची आठवण इतिहासाने ठेवलेली नाही. मारणारा आठवतो, मरणारा आठवतो. ज्यांच्या अंगणात हे घडलं ते आठवत नाहीत.

खुनाशी कंपनीचा काडीचा संबंध नव्हता. नाटकही सुधारणेचं. पण पुढच्या काही आठवड्यांतच सरकारची वक्र नजर रंगमंचाकडे वळली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ पासून महाराष्ट्र नाटक मंडळी करत होती. विराटाच्या दरबारात सैरंध्री होऊन राहिलेल्या द्रौपदीवर कीचक हात टाकतो आणि भीम त्याला मारतो, ही महाभारतातली गोष्ट. लोक मात्र कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन बघत होते. १९१० च्या सुरुवातीलाच या नाटकावर बंदी आली. नाटकांना वेसण घालणारा कायदा तर १८७६ पासूनच होता. मित्रहो, गोळी सुटली होती प्रेक्षकांतून. तोंड बंद झालं रंगमंचाचं.

नाटक कंपन्यांना निदान प्रतिष्ठा होती, पाठीशी वकील-संपादक होते. तमाशाच्या फडाला काय होतं? इंग्लंडातला १५७२ चा कायदा वाचताना मला आपला १८७१ चा कायदा आठवला. गुन्हेगार जमातींचा कायदा. सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात आला, १९११ च्या नव्या कायद्याने सगळ्या ब्रिटिश मुलखाला लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. त्यांनी चौकीवर हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला आणि ही माणसं विमुक्त झाली. कागदावरून शिक्का पुसला. गावाच्या डोळ्यातून पुसायला कायदा पुरत नाही. जो फिरतो, जो पालात राहतो, ज्याची बाई लोकांपुढे नाचते, त्याच्यावर पहिला संशय. कोल्हाटी, डोंबारी, पारधी, सगळ्यांचा हाच अनुभव.

आता माझ्या घरची गोष्ट. यवत हे भुलेश्वरच्या डोंगराखालचं, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव. माझे अब्बा शिवणकाम करायचे, गाव त्यांना 'मास्तर' म्हणायचं. जत्रेला फड आला की कनातीचं फाटलेलं कापड, सोंगाड्याचा झगा, नाचणाऱ्या बायांच्या चोळ्या शिवायला अब्बा मशीन घेऊन थेट राहुटीत जायचे. मी सुया-दोरा घेऊन मागे. गण, गौळण, बतावणी आणि मग मध्यरात्री वग. वगात खून असायचाच. राजाला मारणारी कट्यार बांबूची होती आणि तिला चॉकलेटची चांदी चिकटवली होती, हे मला माहीत होतं. तरी अंगावर काटा यायचा. डोंगरापलीकडच्या जेजुरीचे सगनभाऊ, शिकलगार मुसलमान, पेशवाईत लावण्या-पोवाडे रचायचे, हे अब्बांनीच मला त्या राहुटीत मशीनचं पायडल मारता मारता सांगितलं. मी पुढे मराठीत लिहायला लागलो त्याचं बी तिथलं.

मी सातवीत असतानाची जत्रा, म्हणजे १९८२ च्या आसपासची. तमाशा संपून पहाटे फडाची गाडी भरत होती. तेवढ्यात बोंब उठली. गावातल्या एका बऱ्या घरच्या मुलाचं एचएमटीचं घड्याळ गेलं होतं. कुणी पाहिलं नव्हतं, कुणावर आळ घ्यायला कारण नव्हतं. पण गाडी अडवली. "पेट्या उघडा." फडाचा मालक हात जोडून म्हणत होता, "पाटील, आमची माणसं तशी न्हाईत." कोण ऐकतो? भर रस्त्यात एकेक पेटी उपडी केली. मुकुट, चाळ, दाढ्या, एका लहान पोराची दुधाची बाटली, सगळं धुळीत. फडातल्या थोरल्या बाई एका बाजूला डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. रात्री हजार माणसांना हसवणारी ती बाई कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. आदल्याच दिवशी अब्बांनी काठ लावून दिलेला त्यांचा शालू धुळीत पडलेला मी पाहिला. अब्बा पुढे झाले, तो उचलला, झटकला, घडी घातली आणि त्यांच्या हातात दिला. "राहू द्या चाचा," एवढंच त्या म्हणाल्या.

घड्याळ मिळालं नाही. शिव्या देऊन गाडी सोडली.

तीन दिवसांनी घड्याळ सापडलं. त्या मुलाच्याच चुलतभावाने ते उचलून दौंडला विकलं होतं. घरातल्या घरात प्रकरण मिटलं. पोराच्या दोन कानफटात बसल्या असतील, संपलं. फडाला कळवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. अब्बांनी मात्र पोस्टातून पंधरा पैशांचं कार्ड आणलं आणि मला म्हणाले, "लिख बेटा." त्यांना लिहिता येत नव्हतं. मी लिहिलं, 'घड्याळ गावातच मिळालं. तुमच्या माणसांचा काही दोष नव्हता. गावातर्फे माफी.' मी विचारलं, "अब्बा, गावातर्फे आपण कसं लिहायचं? गावाने कुठे सांगितलंय?" अब्बा म्हणाले, "आपण गावातले नाही का?"

कार्ड नारायणगावच्या पत्त्यावर टाकलं. फडांचे तळ तिथे पडतात, तिथेच सुपाऱ्या ठरतात. ते पोचलं की नाही, कळलं नाही. उत्तर आलं नाही. तो फड पुन्हा यवतला आला नाही, एवढं खरं.

थेमच्या कॉरोनरचा अहवाल वाचताना मला ते कार्ड आठवलं. साडेचारशे वर्षांपूर्वी परक्या गावात कुणीतरी बसून लिहून ठेवलं की मागे हटायला जागा नव्हती म्हणून या नटाने वार केला. त्या एका कागदामुळे टाउन खुनी म्हणून इतिहासात राहिला नाही. आमच्या गावात पंच बसले नाहीत. आधी पेट्या उघडल्या, विचार नंतर केला. रहस्यकथेचा पहिला नियम असा की संशय सगळ्यांवर सारखा घ्यायचा, घरच्यावरही आणि पाहुण्यावरही. तेवढा नियम जरी त्या पहाटे पाळला असता, तरी घड्याळ त्याच दिवशी मिळालं असतं.

ही जुनी गोष्ट झाली असं कुणी म्हणेल. आमच्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवर चौफुला आहे. तिथली कला केंद्रं प्रसिद्ध आहेत. फड फिरतो, तर इथे संगीतबारीच्या पार्ट्या मुक्कामाला असतात, बैठकीची लावणी सादर करतात. २०२५ च्या जुलै महिन्यात तिथल्या एका केंद्रात रात्री गोळीबार झाला. गुन्हा यवत पोलीस ठाण्यात नोंदला गेला, काही जणांना अटक झाली. आरोप होता तो बैठकीला आलेल्या मंडळींवर. खरंखोटं न्यायालय ठरवील, त्यावर मी बोलणार नाही. मी सांगतो ते टपरीवरचं बोलणं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना चार जण तावातावाने म्हणत होते, "ही कला केंद्रंच बंद केली पाहिजेत." मी विचारलं, "पिस्तूल कुणाच्या हातात होतं म्हणता? नाचणारीच्या?" ते म्हणाले, "तसं नाही हो मास्तर," आणि विषय पावसाकडे वळवला. अब्बांचं नाव आता मला चिकटलंय.

तिथे गाणाऱ्या बायांची पोरं शाळेत जातात. फी भरायची असते, म्हातारी आई दवाखान्यात असते. केंद्र बंद झालं तर पिस्तूलवाल्याचं काय जातं? तो दुसरीकडे जाऊन बसेल. चूल विझेल ती ढोलकीवाल्याची, पेटीवाल्याची, त्या बाईची. त्या कार्यक्रमांत काही चुकीचं चालत असेल तर त्याला कायदा आहे, तो जरूर लावावा. पण तोही आधी बघून, विचारून, लिहून.

पुतणीला मी शेवटी काय उत्तर दिलं? म्हटलं, खून झालाय, पण तुझ्या पुस्तकातल्यासारखा नाही. तिथे खुनी मंडळीतच सापडतो. आपल्याकडे नाशिकला तो तिकीट काढून समोर बसला होता. ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "चाचा, मग तुम्हीच लिहा की एक वग. फडात चोरी होते, गाव झडती घेतं, आणि शेवटी..."

मी लिहायला घेतलाय. गण झाला, गौळण झाली, बतावणीही जमली. वगाच्या शेवटी घड्याळ कुणाकडे सापडतं ते मला माहीत आहे. अडलोय तो त्यापुढे. घड्याळ सापडल्यावर गाव त्या बाईंना काय म्हणतं, ते संवाद मला सुचत नाहीत. कारण आमचं गाव तेव्हा काहीच बोललं नव्हतं. ते वाक्य तुमच्यापैकी कुणाला सुचलं, तर एक कार्ड टाका.